चिठ्ठीत कधीच न निघालेले काका

वाचकाचं पत्र:

"माझा छपाई आणि बांधणीचा छोटा व्यवसाय आहे. मला धरून दहा माणसं. दोन मोठी कामं हातची गेल्यामुळे यंदा पगार वाढवणं शक्य नाही. पण माणसं टिकावीत, कामात जीव राहावा म्हणून सहा महिन्यांपूर्वी एक योजना सुरू केली. महिनाभर ज्यांचा एकही खाडा नाही आणि एकदाही उशीर नाही, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याची निघेल त्याला भेटवस्तू द्यायची. पहिले दोन महिने छान गेले. आता उशीर होणार असं दिसलं की काही जण फोन करून सरळ रजाच टाकतात, कारण कळवून घेतलेली रजा मी खाडा धरत नाही. आमचे कटिंगवाले काका बारा वर्षं वेळेआधी येतात. त्यांची चिठ्ठी एकदाही निघालेली नाही. ते बोलत काही नाहीत, पण पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. फोल्डिंगवरची एक चांगली मुलगी गेल्या महिन्यात सोडून गेली. फार खर्च न करता माणसांचा उत्साह टिकवण्याचे काही मार्ग सांगाल का? आणि ही योजना बंद करू की सुधारू?"

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. योजना बंद करा. सुधारत बसू नका. बंद कशी करायची ते पुढे सांगते. बक्षीस सुरू करायला काही लागत नाही, काढून घेताना मात्र जपावं लागतं.

त्याआधी एक शंका मनातून काढून टाका. तुमची माणसं लबाड आहेत म्हणून हे झालेलं नाही. अमेरिकेतल्या एका औद्योगिक लाँड्रीत जवळपास हीच योजना राबवली गेली होती: महिनाभर पूर्ण हजेरी, एकदाही उशीर नाही, आणि मग सोडतीतून भेट. टिमथी गबलर, इयान लार्किन आणि लमार पिअर्स या तिघांनी तिथल्या नोंदी तपासून 2016 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तो वाचताना तुमचंच पत्र वाचतोय असं वाटतं. उशिरा येण्याचं प्रमाण कमी झालं खरं, पण बक्षिसाची आशा असेपर्यंतच लोक वेळेवर येत. एकदा उशीर होऊन तो महिना हातचा गेला, की पुन्हा जुनी चाल. पात्रता टिकावी म्हणून आजारपणाची रजा टाकणंही सुरू झालं. सगळ्यात बोचणारी गोष्ट पुढेच आहे. जे आधीपासूनच वेळेवर येत होते किंवा भरपूर काम उरकत होते, त्यांचंच काम योजनेनंतर 6 ते 8 टक्क्यांनी घसरलं. एकूण कारखान्याची उत्पादकता 1.4 टक्क्यांनी खाली आली.

आता तुमच्या काकांकडे बघा. बारा वर्षं ते वेळेआधी आले ते कुणी चिठ्ठी टाकणार होतं म्हणून आले नाहीत. वेळेवर येणं हा त्यांचा स्वतःचा नेम होता, त्यांच्या कामाच्या अभिमानाचा भाग होता. तुम्ही त्यावर बक्षीस लावलंत आणि ते कुणाला मिळायचं हे नशिबावर सोडलंत. सहा वेळा त्यांनी तुम्हाला दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी उघडताना पाहिलं. बारा वर्षांच्या वेळेवर येण्याची आणि कालपासून वेळेवर यायला लागलेल्याची किंमत त्या डब्यात एकच होती. ते गप्प झाले यात मला नवल वाटत नाही.

'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' हाही प्रकार याच कारणासाठी टाळा. नऊ जणांत एकाचं नाव लागतं आणि आठ जणांना दर महिन्याला आपण कमी पडल्याचं कळतं.

आता पगाराबद्दल. कमी खर्चाचे उपाय विचारणाऱ्या प्रत्येक मालकाला मी हे आधी सांगते: यातला कुठलाही उपाय पगाराची जागा घेत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांशी बोलून 1959 मध्ये एक मांडणी केली होती. पगार, कामाची जागा, वरिष्ठांचं वागणं या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो. पण त्या पुरेशा आहेत म्हणून तो जीव ओतून काम करेलच असं नाही. जीव लागतो तो कामातल्या यशाने, त्याची दखल घेतली जाण्याने, जबाबदारीने आणि पुढे सरकत असल्याच्या भावनेने. त्याच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली आणि दोन्ही बाजू त्याने म्हटल्या तितक्या स्वच्छ वेगळ्या नसतातही. पण लहान व्यवसायात मी जे पाहिलंय, त्याला ही मांडणी पुष्कळदा लागू पडते. तळाला भोक असलेल्या बादलीत वरून पाणी ओतून उपयोग नसतो.

म्हणून पगार वाढवता येत नसेल तर निदान ठरलेल्या तारखेला द्या, अगदी दर महिन्याला. ओव्हरटाइमचा हिशेब त्याच महिन्यात चुकता करा आणि तो कसा केला ते कागदावर दाखवा. पगारवाढ का नाही, हेही सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. दोन कामं गेली हे त्यांना ठाऊक आहेच. मशीन किती तास बंद असतं ते तुमच्याआधी त्यांना दिसतं, आणि तुम्ही गप्प राहिलात तर जे घडलंय त्यापेक्षा वाईट कल्पना ते करून घेतात. फोल्डिंगवरची मुलगी कशामुळे गेली मला माहीत नाही, पण व्यवसाय बुडतोय की काय या धास्तीने माणसं सोडून जातात. पुढच्या वर्षी वाढ देईन असं मात्र बोलून जाऊ नका. 'इतकी कामं परत आली की पगाराचा विचार पहिला' एवढंच म्हणा, आणि तेही पाळणार असलात तरच.

इथून पुढे तुमचा मुख्य प्रश्न. त्यासाठी तुमच्याच धंद्यातली एक आठवण सांगते.

विशीत असताना मी एका बाइंडिंगच्या कारखान्यात फॉर्मे, म्हणजे पुस्तकाचे घडी घातलेले छापील ताव, जुळवायला होते. लांब टेबलावर फॉर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असायचे. आम्ही टेबलाभोवती फिरत एकेक फॉर्मा उचलायचो आणि फेरी पूर्ण झाली की एक पुस्तक हातात यायचं. माझ्यापुढे एक ताई असायची, वयाने बरीच मोठी, फारसं न बोलणारी. एका संध्याकाळी ती चालता चालता थांबली. हातातला संच तिने टेबलावर ठोकून सरळ केला, दिव्याखाली धरला आणि पाठीकडून पाहिला. फॉर्म्यांच्या पाठीवर काळ्या खुणा छापलेल्या असतात. क्रम बरोबर असेल तर त्या जिन्यासारख्या उतरत्या दिसतात. पाचव्या पायरीच्या जागी काहीच नव्हतं. तिने फॉर्मा उघडला. पहिलं पान 65 हवं होतं, ते 73 होतं. घडीच चुकीची पडली होती आणि तो अख्खा गठ्ठा तसाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुस्तकाच्या दीड हजार प्रती शिलाईला जाणार होत्या.

सकाळी मालक आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. आता ते शाबासकी देतील आणि निघून जातील असं मला वाटलं. त्यांनी तो फॉर्मा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि तिला विचारलं, "कळलं कसं?"

ताई आधी लाजली. मग तिने संच हातात घेऊन दाखवायला सुरुवात केली. अंगठ्याने पाठी कशा पसरायच्या, उजेड कुठल्या बाजूने हवा, कुठल्या कागदावर खूण फिकट उठते आणि फसवते. मालक पंधरा मिनिटं उभे राहून ऐकत होते. मधे त्यांनी स्वतः करून पाहिलं, चुकलं, तिने दुरुस्त केलं. त्या दिवसापासून कुठलंही नवं काम शिलाईला जायच्या आधी त्याचा पहिला संच तिच्याकडे यायला लागला. तिने पाहून मान हलवली की काम पुढे.

तिला त्या दिवशी वस्तू मिळाली नाही, पैसे मिळाले नाहीत. पुढे पगार वाढला तेव्हा तिचा आधी वाढला आणि ते योग्यच होतं. पण त्या पंधरा मिनिटांनंतर ती टेबलाभोवती वेगळी चालायला लागली, हे मी तिच्या मागून चालताना रोज पाहिलंय.

मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. कमी खर्चाच्या उपायांत सगळ्यात मोलाचा उपाय म्हणजे मालकाने काम बारकाईने बघणं आणि त्याबद्दल विचारणं. त्याला वेळ द्यावा लागतो, म्हणून तो फुकट नाही. नेमक्या त्याच कारणाने माणसाला त्याची किंमत कळते.

'सगळ्यांनी छान काम केलं' या वाक्याने कुणाच्याच पदरात काही पडत नाही. 'त्या निळ्या कव्हरची रंगजुळणी तुम्ही दुसऱ्यांदा थांबवलीत, म्हणून गिऱ्हाईक प्रूफ बघून काही न बोलता गेलं' हे ज्याने ऐकलं तो घरी जाऊन सांगतो. कुठलं काम, काय केलं, त्याने काय वाचलं किंवा साधलं, एवढं त्यात असावं. त्याच दिवशी सांगा, जमलं तर मशीनजवळच. आणि माणूस बघून सांगा: काहींना चारचौघांत बोललेलं आवडतं, काहींना त्याचा संकोच वाटतो. तुमचे काका दुसऱ्या प्रकारातले वाटतात. दर आठवड्याला ठरवून कौतुक करण्याचा नियम मात्र करू नका. पाळी आल्यावर केलेलं कौतुक सगळ्यांना ओळखू येतं.

याच्या जोडीला आणखी एक दार आहे, ते म्हणजे काम कुणापर्यंत पोचतं ते माणसांना दिसू देणं. अ‍ॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. तिथे देणगीसाठी फोन करणाऱ्या माणसांपैकी काहींची भेट, त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घडवली. भेट जेमतेम पाच मिनिटांची. महिन्याभराने त्या गटाचा फोनवरचा वेळ 142 टक्क्यांनी आणि जमलेली रक्कम 171 टक्क्यांनी वाढलेली होती. प्रयोग लहान होता. असे आकडे तुमच्याकडेही दिसतील असं समजू नका. पण विचार करा, तुमच्या फोल्डिंग आणि पेस्टिंगवरच्या किती जणांनी आपण बांधलेलं पुस्तक कुणाच्या हातात पाहिलंय? गठ्ठे बांधून डिस्पॅचला गेले की त्यांच्यासाठी ते काम संपतं. गिऱ्हाईक माल न्यायला आलं की ऑफिसात बसवण्याऐवजी पाच मिनिटं आत घेऊन या. पहिलंच पुस्तक छापून घेणारा लेखक असेल तर नक्की आणा. ज्यांनी ते बांधलं त्यांच्या हातून त्याला पहिली प्रत घेऊ द्या. प्रत्येक कामाची एक प्रत कारखान्यातच फळीवर ठेवा, आणि आत एका चिठ्ठीवर कुणी छापलं, कुणी कापलं, कुणी बांधलं ती नावं लिहा. चिठ्ठ्यांचा हा उपयोग जास्त चांगला.

आता वेळेबद्दल. तुमच्या अंगावर आलेला सगळा गुंता उशीर आणि रजा यांचाच आहे, म्हणून इथे जरा थांबते. जे उशिरा येतात त्यांना बक्षिसाचं आमिष दाखवण्याआधी उशीर का होतो ते विचारलंत का? बहुतेक वेळा घरात आजारी माणूस असतं, लहान मूल सोडायचं असतं, नाहीतर वाहन त्या वेळेला मिळत नाही. मशीनमन आणि त्याचा मदतनीस एकाच वेळी लागतात हे मान्य. पण फोल्डिंग, फॉर्मे जुळवणी, पॅकिंग अशा हातकामावरचं एखादं माणूस अर्धा तास उशिरा येऊन अर्धा तास उशिरा गेलं तर काय अडतं? ज्याचं अडत नाही त्याला ही सवलत कायमची द्या आणि ज्याचं अडतं त्याला का देता येत नाही ते सांगून दुसरी काही मोकळीक द्या. मोठं काम वेळेत पार पडलं की दुसऱ्या दिवशी मशीनवाल्यांना अर्धा दिवस सुटी, असं काहीतरी. लहान व्यवसायाकडे पैसा कमी असतो पण लवचीकपणा असतो, आणि तो मोठ्या कंपन्यांना सहज जमत नाही.

ओव्हरटाइमचंही तसंच. 'आज थांबावं लागेल' हे संध्याकाळी पाच वाजता सांगितलं तर ज्यादा पैसे देऊनही माणूस कावतो, कारण तुम्ही त्याची संध्याकाळ त्याला न विचारता घेतलेली असते. तेच दोन दिवस आधी सांगून पाहा. 2015-16 मध्ये शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या एका कपड्यांच्या दुकानसाखळीत कामाच्या वेळा अधिक स्थिर आणि आधी कळतील अशा करून पाहिल्या गेल्या. त्या दुकानांची विक्री इतर दुकानांच्या तुलनेत सुमारे 7 टक्क्यांनी वाढली. तुमच्याकडे आठवड्याची कामं साधारण सोमवारी ठरत असतील. ती एका फळ्यावर लिहा: कुठलं काम, कुठल्या दिवशी, कुणाला थांबावं लागण्याची शक्यता. फळ्यावरचं बदलावं लागलं तर ज्याला थांबायचंय त्याला स्वतः जाऊन सांगा.

भेटवस्तूंविषयी तुमच्या मनात असेल की मग त्या द्यायच्याच नाहीत का. जरूर द्या. जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायला काही तासांपुरते विद्यार्थी नेमले होते. सबास्टियन कुबे, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे या अर्थशास्त्रज्ञांनी काही जणांना अचानक, ठरलेल्या मोबदल्याच्या साधारण पाचव्या भागाइतके पैसे वर दिले, आणि काही जणांना तेवढ्याच किमतीची थर्मासची बाटली सुंदर कागदात गुंडाळून दिली. पैशांनी कामात जेमतेम 5 टक्के फरक पडला. बाटलीने 25 टक्के. आणि गंमत पुढे आहे: तीच रक्कम नोटेची घडी घालून सदऱ्याचा आकार करून दिली, तेव्हा परिणाम बाटलीइतकाच भारी झाला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून मी घेतलं ते असं, की कुणीतरी आपल्यासाठी वेळ काढला, डोकं चालवलं, हे माणसाच्या मनाला लागतं. तो काही तासांचा प्रयोग होता, वर्षानुवर्षांच्या नोकरीचा नव्हे. म्हणून त्याच्या आधारावर पगाराऐवजी वस्तू वाटायला निघू नका.

देताना त्या माणसासाठी म्हणून निवडा, अट लावू नका आणि नऊ जणांना एकच वस्तू देऊ नका. ज्याला वाचायला आवडतं त्याला पुस्तक, ज्याच्या मुलीची परीक्षा आहे त्याला तिच्यासाठी कंपासपेटी. सोबत दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहा. एक काळजी मात्र घ्या. कामाला लागणारी वस्तू भेट म्हणून देऊ नका. दिवसभर उभं राहणाऱ्याला बसायला बरं स्टूल, जुळवणीच्या टेबलावर पुरेसा उजेड, कटिंग मशीनच्या पात्याला वेळच्या वेळी धार, हे तुमचं कर्तव्य आहे. ते आजच करा आणि त्याचा गाजावाजा करू नका. बोथट पात्यावर वर्षभर राबलेल्या माणसाला धार लावून देऊन टाळ्या वाजवल्या तर त्याला अपमानच वाटेल.

नवं शिकायला मिळणं हेही मोठं बक्षीस आहे, विशेषतः तरुणांना. फोल्डिंगवरच्या मुलीला कामाचा अंदाजखर्च कसा काढतात ते दाखवलं असतं, एखादं छोटं काम प्रूफपासून डिस्पॅचपर्यंत तिच्याकडे सोपवलं असतं, तर तिला इथे पुढची वाट दिसली असती. पण हातातलं काम तसंच ठेवून वर नवी जबाबदारी दिली तर ते ओझं होतं. काहीतरी काढून घ्या, मग द्या. त्या मुलीला एकदा फोनही करा. परत ये म्हणायला नको. सोडून का गेलीस एवढंच विचारा आणि ती सांगेल त्यावर खुलासे करू नका. कारखान्यात असलेल्यांना जे बोलता येत नाही, ते गेलेलं माणूस सांगू शकतं.

आता योजना बंद करण्याचं. चालू महिना पूर्ण होऊ द्या, कारण ज्यांनी भरवसा ठेवून हजेरी सांभाळली त्यांचं ते देणं आहे. चिठ्ठी काढल्यावर सगळ्यांसमोर सांगा: हे मी चांगल्या हेतूने सुरू केलं होतं, पण ते बरोबर नव्हतं, त्यात चूक माझी आहे, पुढच्या महिन्यापासून हे नाही. रजा टाकणाऱ्यांकडे बोट दाखवू नका. त्याच बैठकीत वेळेच्या नव्या सवलतींबद्दल बोला, म्हणजे काहीतरी काढून घेतलं एवढंच हाती राहणार नाही.

काकांना भरपाई म्हणून भेटवस्तू देण्याचा मोह होईल. नका देऊ, निदान आत्ता नको. एका सकाळी तुम्हीच लवकर जा. ते आलेले असतीलच. कटिंग मशीनजवळ जाऊन उभे राहा. उंच गठ्ठा कापताना वरचे आणि खालचे ताव मापात कमीजास्त होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या हातून ते बारा वर्षं का होत नाही, ते विचारा. ते कदाचित आधी 'त्यात काय' म्हणतील. तरी तिथेच थांबा. मग ते एखादा गठ्ठा ओढतील, ताव सुटे करून टेबलावर ठोकतील, दाब कुठे आणि किती द्यायचा ते दाखवायला लागतील. तेव्हा फोन वाजला तरी उचलू नका.